निघताना आलेली शिंक

लग्न होऊन मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात आले ती डिसेंबरात. पहिल्याच आठवड्यात सासरे दुकानाला निघायला आणि मला शिंक यायला एकच गाठ पडली. एक शिंक असती तर पदराखाली दडपलीही असती, पण माझ्या शिंका एकट्यादुकट्या कधी येतच नाहीत. त्या वऱ्हाडासारख्या येतात. माहेरी, मोहोळजवळच्या आमच्या वस्तीवर, याचं कुणाला काही नव्हतं. तिथं मी शिंकायला लागले की गोठ्यातल्या म्हशी मान वळवायच्या आणि आई चुलीपुढून म्हणायची, "उठली वाटतं आमची बया." इथं मात्र घरातलं सगळं जागच्या जागी थांबलं. सासूबाईंच्या हातात दह्याची वाटी तशीच राहिली, नवरा पेपराच्या आड गेला आणि सासऱ्यांचा एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत राहिला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्या भागात तशीच पद्धत आहे. मामांचं टॉवेल-चादरींचं दुकान, पेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी पूजा करून, कपाळाला विभूती लावून, आत्यांच्या हातचं चमचाभर दही खाऊन ते निघायचे. निघताना कुणी शिंकलं तर माघारी फिरायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं, असा घरचा नियम. घरातली माणसं तो इतका पाळत की शिंक आलीच तर मागच्या मोरीत जाऊन, दार लावून शिंकत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. लग्न ठरताना मुलीला स्वयंपाक येतो का विचारतात, शिंका येतात का हे कोण विचारतं?

"आडवी शिंक झाली की हो," आत्या म्हणाल्या. "नवी सून आणि सकाळच्या पारी आडवी शिंक. बसा आत. आज बोहनी व्हतीय का न्हाय कुणाला ठाऊक."

मी मान खाली घातली आणि मान खाली घातल्याघातल्या पुन्हा शिंकले. मला रडू येत होतं, पण नाक आधीच वाहत असलं की रडण्याचंही काही वेगळं दिसत नाही.

मामा उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. माझ्या शिंका संपल्या, घरात शांत झालं, तेव्हा त्यांनी दुसरा पाय चपलेत घातला. "एकटी शिंक आडवी असती," ते म्हणाले. "पण येवढ्या एकदम आल्या की वाट मोकळी व्हती. आमचा अज्जा सांगायचा." आणि ते निघून गेले. अज्जा म्हणजे त्यांचे आजोबा, अक्कलकोटकडचे, आणि त्यांना जाऊन तेव्हाच कितीतरी वर्षं झालेली, त्यामुळे खरं-खोटं विचारायची सोय नव्हती. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि दह्याची वाटी आत नेऊन ठेवली. "ह्यांच्या अज्जाचं मी आजच ऐकलं," एवढंच त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

संध्याकाळी मामा परत आले ते हसतच. बोहनीलाच एका लग्नघरचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं म्हणे. ते खरंच आलं होतं की तेही अज्जाच्याच गावचं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या दिवसापासून तो आमच्या घरचा रिवाजच झाला. मामा निघायचे, मी शिंकायचे, मामा थांबायचे. शिंका चालू असेपर्यंत ते काहीतरी शोधत. कधी छत्री, तीही मार्चमध्ये. कधी चष्मा, जो नाकावरच असे. शिंका संपल्या की म्हणत, "झालं?" मी मान हलवायची. "मग येतो." मला वाटायचं, किती भला माणूस आहे. सुनेला कुणी अपशकुनी म्हणू नये म्हणून रोज उंबऱ्यात उभा राहून स्वतःच्याच गोष्टीला जागतो. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी एवढं केलं असतं की नाही, कोण जाणे. ते तापट होते, म्हणाले असते, आवर की तुझं ते नाक.

नाक आवरण्याचे उपाय मात्र सगळे झाले. आत्यांनी ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली, सुंठ-गुळाची गोळी दिली, झोपताना नाकात तूप सोडलं. शेजारणीनं हळदीचा धूर सांगितला. कुणीतरी म्हणालं, केस ओले ठेवू नका. कुणी म्हणालं, दही सोडा. सर्दीच्या बाबतीत आपल्याकडं प्रत्येक माणूस डॉक्टर असतो, आणि फी न घेणारा डॉक्टर जास्त हट्टी असतो. शेवटी मीच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा."

मी सांगितलं. उठले की पांघरुणातून निघून शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहते. मग कढत पाण्यानं अंघोळ, तिथून उघड्या परसातून गार वाऱ्यात स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथं तव्याची धग.

"म्हणजे अर्ध्या तासात तीन गावचं हवामान," ते म्हणाले. "नाकाचं काम काय, बाहेरची हवा आत सोडण्याआधी तिला कोमट करणं, ओलं करणं. तुमचं नाक मुळात ॲलर्जीचं. त्याचं अस्तर सुजलेलं, हळवं झालेलं. त्यात हवा एकदम गरमाची गार झाली की ते घाबरतं, फुगतं आणि पाणी सोडतं. थंडी वाईट नाही, ऊनही वाईट नाही. एकदम बदल होणं वाईट."

त्यांनी एक फवारा दिला, तो रोज मारायचा, आज मारला आणि उद्या गुण आला असं होत नाही म्हणाले. अगदीच अडलं तर घ्यायला एक गोळी दिली. पायात चपला घाला, अंघोळीला पाणी कोमट घ्या, बाहेर येताना नाकाला रुमाल धरा. घरी येऊन मी हे सगळं सांगितलं तर आत्या पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "नाक हळवं असतंय व्हय? आमच्या वेळी मन हळवं असायचं, तेबी कुणी विचारत नव्हतं."

फवाऱ्यानं फरक पडला. दिवसभराच्या शिंका कमी झाल्या. पण सकाळच्या त्या वेळेच्या काही गेल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर फवाऱ्याचंही माझ्याकडून नियमानं होत नसे. बरं वाटलं की बाटली कपाटात, आणि शिंका सुरू झाल्या की शोधाशोध.

सोलापूरला थंडी पाहुण्यासारखी येते, राहतो तो उन्हाळा. माझ्या नाकाला वाटलं असेल, चला, आता तरी सुटका. पण दुकानाला काचेचं दार लागलं, एसी बसला, आणि दुपारी जेवणाचा डबा घेऊन मी जायला लागले तेव्हा कळलं की उन्हाळ्यातही तोच खेळ आहे, फक्त उलटा. रस्त्यावर डांबर पायाला चिकटतंय, डोक्यावरचा स्कार्फ तापलाय, आणि काचेचं दार ढकललं की अंगावर एकदम गारठा. चार पावलं आत गेले की सुरू. मामांनी एसीचा आकडा वर नेला, सव्वीसच्या खाली आणायचा नाही असं नोकरांना बजावलं. मला म्हणाले, "दारात जरा उभी ऱ्हा, मग आत ये. नाकाला कळू दे कुटं आलोय ते." हे त्यांना कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पण उपयोग झाला.

कोरोनाची दोन वर्षं तर विचारू नका. एरवी अपशकुन असलेली शिंक तेव्हा गुन्हा झाली. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना शिंकले तर समोरच्या गच्चीवरचे लोक आत जाऊन दार लावून घ्यायचे. मी ओरडून सांगायची, ॲलर्जी आहे हो, ॲलर्जी! पण तेव्हा ऐकून घ्यायलाही कुणी थांबत नव्हतं. दुकानं उघडायला परवानगी मिळाली त्या सकाळी मामा मास्क लावून निघाले. मी मागं सरून भिंतीला टेकले, तोंडावर दोन्ही हात ठेवले, तरी शिंक आलीच. मामा आपले उंबऱ्यात उभे. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते गेले. जगानं माझ्या शिंकेला घाबरून पळ काढला होता, आणि हा एक माणूस ती संपायची वाट पाहत होता. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की पुढचा तासभर मी उगाचच भांडी घासत बसले.

मामांचं दुखणं निघालं ते मागच्या उन्हाळ्यात. दुकानाच्या माळ्यावर चादरींचे गठ्ठे असतात. तिथवर शिडीनं चढताना त्यांना दम लागायला लागला. आधी त्यांनी उन्हावर ढकललं, मग वयावर. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या बऱ्याच तुंबल्यात, बायपास करावी लागेल, आणि डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका. मामांनी लांबवायला सुरुवात केली. लग्नसराई आहे. मग म्हणाले, पावसाळा लागू दे, जखम उन्हात चिघळती. नाकासमोर चालणारा माणूस, कुणाला कधी वेडंवाकडं न बोलणारा, पण त्या दिवसांत आमच्यावर डाफरायला लागला. ते घाबरले होते. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. एकदा दुकानातच घेरी आली तेव्हा कुठं त्यांनी होकार दिला.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आत्या माझ्याजवळ आल्या. मी फ्रीज पुसत होते. त्यांनी ओट्यावरचा डबा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या तेवढं नाक सांभाळ बाई. ह्यांच्या अज्जाचं ऱ्हाऊ दे. उद्या दुकानाला न्हाय चालले ते." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

मग मी कंबर कसली. रात्री जेवणानंतर ती गोळी घेतली. सकाळी कोमट पाण्यानं अंघोळ केली, पायात चपला घातल्या, परसातून येताना नाकातोंडाला ओढणी गुंडाळली, कूलर लावू दिला नाही. एरवी कधी न पाळलेलं सगळं पथ्य त्या एका सकाळी पाळलं. आणि चमत्कार झाला. नाक कोरडं ठक्क. एक सुरसुरी नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. बॅग भरली, रिपोर्टची पिशवी घेतली, नवऱ्यानं गाडी दारात आणली. आत्यांनी मामांना विभूती लावली, दही दिलं. देवघरात दिवा लावला होता, घरात शांतता होती. इतकं शुभ निघणं आमच्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

मामा उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. त्यांनी खिसे चाचपले. चष्मा काढून पुसला. दुकानाच्या किल्ल्या कुणाकडं आहेत विचारलं, ते त्यांनाच ठाऊक होतं. पाणी मागितलं, दोन घोट प्याले. माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना धीर यावा म्हणून हसले. त्यांनी पुन्हा पाहिलं. "चला की आता, ऊन चढायलंय," आत्या म्हणाल्या. मग ते उंबरा ओलांडून गेले, आणि "येतो" म्हणाले नाहीत. मला वाटलं, भीतीनं विसरले असतील.

दुपारपासून त्यांचं बीपी वर गेलं ते खाली येईना. गोळ्या दिल्या, आडवं केलं, लाईट मंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलेलं होतं, ते डॉक्टरांनी रद्द केलं. "उद्यापर्यंत बघू," ते नवऱ्याला म्हणाले. "असं चढलेलं बीपी घेऊन मी त्यांना टेबलावर घेणार नाही. मनावर काही ताण आहे का?" नवरा बाहेर येऊन डोकं धरून बसला. "सगळं तर नीट चाललं होतं. कुठं माशी शिंकली कळत नाही."

कुणी शिंकलं नव्हतं, तिथंच सगळं होतं. पण हे मला कळायला संध्याकाळ झाली.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या आणि नवरा चहाला खाली गेले, मी मामांजवळ बसले. खोलीत एसी होता, माझं नाक तरी शहाण्यासारखं गप्प. सकाळी पुन्हा एक गोळी घेतली होती. मामा छताकडं पाहत होते. "गोळी खाल्लीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. परवा रात्री आणि आज."

"कुणी सांगितलं? हिनं?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते जरासे हसले. मग डोळे मिटून म्हणाले, "पोरी, त्या अज्जाचं खरं न्हवं. तू नवी व्हतीस, रडायला आल्तीस, म्हणून मी तवाच्या तवा बनवून सांगितलं. अज्जा आमचा शिंकेला लई भ्यायचा." ते थोडं थांबले, दम लागत होता. "पण त्या दिवशी धंदा बरा झाला. मग रोज थांबायची सवय लागली. माल आणायला गेलो, कोर्टात गेलो, धाकट्या लेकीच्या लग्नाचं ठरवाय गेलो, सगळीकडं तुझ्या शिंका ऐकून गेलो आन नीट माघारी आलो. काल तसंच आलो. अर्धवट निघाल्यागत वाटाय लागलंय. वेडेपणा हाय, मला कळतंय की. पण बीपीला कळंना."

एवढी वर्षं मी समजत होते की मामा माझ्यासाठी थांबतात. माझी लाज राखायला, मला जपायला. आणि केव्हातरी, मला न कळता, ते स्वतःसाठी थांबायला लागले होते. ज्या शिंकेला मी जन्मभर शाप देत आले, तिच्यावर एक माणूस भरवसा ठेवून घराबाहेर पडत होता. मला हसू आलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण आता मला शिंक हवी होती, आणि पोटात दोन गोळ्या होत्या.

त्या रात्री गोळी घेतली नाही. सकाळी नर्सनं सांगितलं, बीपी आधीपेक्षा बरं आहे, पण काठावर आहे. न्यायच्या वेळी पुन्हा बघतील आणि मगच ठरवतील. मी खाली गेले. मे महिना, सकाळचीच वेळ, पण पार्किंगमधल्या पत्र्याखाली तापायला लागलं होतं. तिथं चांगला घाम फुटेपर्यंत उभी राहिले आणि मग काचेच्या दारातून एकदम एसीत शिरले. श्वास जोरात ओढला. काही नाही. पुन्हा बाहेर गेले. पुन्हा आत आले. डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितलेलं सगळं मन लावून करत होते. दारावरचा वॉचमन शेवटी म्हणाला, "ताई, काय हरवलंय का?" काय सांगणार? नको तेव्हा धो धो वाहणारं नाक, हवं तेव्हा पंढरपुरी म्हशीसारखं अडून बसलं होतं.

वर आले तर मामांना ढकलगाडीवर घेतलं होतं. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, विभूती पुसलेलं कपाळ. इतके लहान दिसत होते की मला बघवेना. एका हातानं त्यांनी गाडीची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती. वॉर्डबॉयनं गाडी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडं वळवली. तो कॉरिडॉर सगळ्यांत गार होता. माझा घाम अजून वाळला नव्हता, पाठ ओली होती, आणि तो गारठा नाकातून थेट कपाळापर्यंत चढला. डोळ्यांत पाणी आलं. मी मास्क वर ओढला, भिंतीकडं तोंड केलं, आणि शिंकले.

"सर्दी आहे का तुम्हाला?" नर्स करवादली. "मग इथं कशा आलात? बाहेर थांबा, बाहेर!"

"ॲलर्जी आहे," मी म्हणायला गेले, पण पुढची शिंक आली, तिच्यामागून आणखी एक. अगदी वऱ्हाड आलं. मी कॉरिडॉरच्या टोकाला पळाले. मागं वळून पाहिलं तर गाडी दारापाशी पोचली होती, दार उघडलं होतं, आणि मला वाटलं, संपलं, आता अर्ध्यातच नेतील.

"तडी!" कुणीतरी ओरडलं.

त्या आत्या होत्या. घाबरल्या की त्या कानडीत बोलतात. तडी म्हणजे थांब. वॉर्डबॉयला कानडी येत होतं की नाही कोण जाणे, पण तो थांबला. आत्यांनी गाडीची दुसरी कड धरली होती.

"मावशी, डॉक्टर थांबलेत आत," तो म्हणाला.

"थांबू द्यात की," आत्या म्हणाल्या. "सुनेच्या शिंका व्हायच्यात अजून. झाल्या की न्या."

नर्सनं वॉर्डबॉयकडं पाहिलं, वॉर्डबॉयनं छताकडं. मी शिंकत होते, नाक वाहत होतं, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. मी आत्यांना काही सांगितलं नव्हतं, मामांनीही सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं रोज सकाळी दह्याची वाटी घेऊन त्या त्याच दारात उभ्या असायच्या. आपला नवरा उंबऱ्यात काय शोधतोय आणि कशाची वाट पाहतोय, हे कळायला त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटची शिंक झाली. कॉरिडॉर शांत झाला. मामांनी मान वळवून लांबवर मला पाहिलं.

"झालं?" ते म्हणाले. आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही, ओठ दिसले. मी मान हलवली. त्यांनी कडेवरचा हात सोडला, छातीवर ठेवला, आणि वॉर्डबॉयला काहीतरी म्हणाले. दारापाशी पुन्हा बीपी घेतलं. नर्सनं आकडा बघून मान डोलावली, गाडी आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. मामा बरे आहेत, आता पायऱ्या चढतात, शिडी चढू देत नाही आम्ही. शिंकेनं बीपी उतरलं असं मी कुणाला सांगत नाही, कारण तसं नसेलही. गोळ्यांनीच उतरलं असेल. एक मात्र खरं, त्या दाराआड जाताना ते घाबरलेले नव्हते.

पण मला सांगायचं आहे ते दार बंद झाल्यानंतरचं. आम्ही दोघी बाकावर बसलो. नवरा औषधं आणायला गेला होता. माझा मास्क भिजून गेला होता, रुमालाचा चोळामोळा झाला होता, नाक लाल, गळा बसलेला. आत्या ताठ बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती. ओल्या हातानं तिला कुणी शिवलेलं त्यांना चालत नाही.

"मीच तुला गोळी घ्यायला लावली," त्या समोर बघत म्हणाल्या. "त्यांचं बीपी चढलं तवाच मला कळलं. तोंड न्हाय झालं सांगायला."

"नाही हो आत्या, तुम्हाला काय माहीत," मी म्हणायला लागले, आणि मला रडू फुटलं. कालपासूनचं सगळं एकदम आलं. नाक पुन्हा वाहायला लागलं. मी पर्स उचकायला लागले, त्यात किल्ल्या, रिपोर्ट, चॉकलेटचा कागद, सगळं होतं, कोरडं फडकं तेवढं नव्हतं.

आत्यांनी माझा मास्क हनुवटीखाली ओढला. इरकलीचा पदर सोडवून घेतला, त्याचं टोक माझ्या नाकाला लावलं, आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं मागून धरलं.

"शिंकर," त्या म्हणाल्या.